मांडीला आधार

माझी उंची पाच फूट तीन इंच आहे. आधार कार्डावर उंची छापत नाहीत, हा सरकारचा उपकार मी कधी विसरलेलो नाही. लग्नाच्या वेळी मामांनी पत्रिकेसोबतच्या कागदावर ती पाच-पाच लिहिली होती. भटजींनी अंतरपाट नेहमीच्या उंचीवर धरला तेव्हा पलीकडून फक्त मुंडावळ्यांचं टोक दिसत होतं, असं ही आजही पाहुण्यांना चहाबरोबर सांगते.

हे आधी सांगून टाकलं, कारण मी एसयूव्ही का घ्यायची ठरवली याची बाकी सगळी कारणं खोटी आहेत. गावाकडचा रस्ता खराब, सामान फार होतं, मुलगी मोठी झाली, मोठी गाडी मजबूत असते, वगैरे. खरं कारण एकच. आमच्या वॅगनआरमधून चांदणी चौकात गाडी थांबली आणि शेजारी बघितलं की मला कुणाचं तरी खिडकीत टेकलेलं कोपर दिसतं. अकरा वर्षं मी पुण्याची कोपरं बघत आलो. मरायच्या आधी एकदा आपलंही कोपर कुणाला तरी दाखवावं, एवढीच इच्छा. जाहिरातीत याला ‘कमांडिंग ड्रायव्हिंग पोझिशन’ म्हणतात. मला घरात, ऑफिसात आणि रिक्षावाल्यापुढं कुठंच कमांड मिळालेली नाही. ती बारा-पंधरा लाखांत मिळत असेल तर महाग कसली?

तीन महिने अभ्यास केला. व्हिडिओत गाड्या तपासणारी पोरं सगळी सहा फुटी असतात. त्यांची एक ठरलेली कसरत आहे. पुढची सीट स्वतःच्या बेतानं लावायची, मग उतरून मागं जाऊन बसायचं आणि कॅमेऱ्याला सांगायचं, “आत्ता मी माझ्याच मागं बसलोय.” साधकांना जन्मभर जप करून जे जमत नाही ते या पोरांना दर शुक्रवारी जमतं. मीही शोरूममध्ये तसंच केलं. पुढची सीट माझ्या बेतानं लावली आणि माझ्या मागं जाऊन बसलो. आम्हा दोघांच्या मध्ये सत्यनारायणाचा चौरंग मांडता आला असता, केळीच्या खांबांसकट.

आता अशा माणसानं गाड्यांच्या जागेची तुलना करायची कशी? मला सगळ्याच ऐसपैस. पण तसं कबूल करणं म्हणजे उंची कबूल करणं. म्हणून मी प्रत्येक ठिकाणी गुडघे हळूच पुढं सरकवून, कपाळाला आठ्या घालून म्हणायचो, “नी-रूम जरा कमीच वाटते.” सेल्समन पोरगा माझ्या गुडघ्यांकडं बघायचा, मग पुढच्या सीटकडं, मग त्या मधल्या मैदानाकडं, आणि म्हणायचा, “हो सर, तुमच्यासारख्यांना थोडी…” वाक्य पुरं करायचा नाही. गुणी पोरगं.

शेवटी मी माझे गुडघे बाजूला ठेवले आणि एक वही केली. लांबी, रुंदी आणि व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, असे तीन रकाने. माणसांच्या वाट्याला किती जागा येते ते ढोबळमानानं या तिसऱ्या रकान्यावरून कळतं. पहिल्याच पानावर मला शोध लागला की या देशातले गुडघे अर्थमंत्र्यांनी मापलेले आहेत. 2006 च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाड्यांचं उत्पादन शुल्क 24 टक्क्यांवरून 16 वर आणलं, आणि तेव्हापासून चार मीटर ही लक्ष्मणरेषा झाली. 22 सप्टेंबर 2025 पासूनच्या जीएसटीतही रेषा तीच. गाडी चार मीटरपर्यंत आणि इंजिन पेट्रोलचं असेल तर 1200 सीसी, डिझेलचं असेल तर 1500 सीसीपर्यंत, असं जमलं की 18 टक्के. रेषेबाहेर पाऊल पडलं की 40. परिणाम असा की ब्रेझा 3995 मिलिमीटर, नेक्सॉन 3995, सॉनेट 3995, आणि ती रांगडी बोलेरोसुद्धा 3995. सगळ्या रेषेच्या पाच मिलिमीटर अलीकडं पदर सावरून उभ्या. या गाड्या डिझायनरनं काढलेल्या नाहीत, सीएनं काढलेल्या आहेत.

दुसऱ्या पानावरचा शोध जास्त चटका लावणारा होता. पैसे वाढवले की जागा वाढते, पण हवी तिथं वाढत नाही. बाहेरून मोजली तर ब्रेझाची रुंदी 1790 मिलिमीटर. तिच्याहून एक पायरी वरची क्रेटा, तिचीही 1790. क्रेटा लांबीला 335 मिलिमीटर जास्त, म्हणजे चांगली दीड वीत. पण त्या दीड वितीतून दोन चाकांच्या मध्ये आली जेमतेम 110. बाकीची नाकात आणि डिकीत गेली. मागं तीन माणसं खांद्याला खांदा लावून बसणार असतील, तर मधल्या लाखांचा फरक त्यांच्या खांद्यांना कळायचा कसा? फॉर्च्युनर 4795 लांब, एक्सयूव्ही 700 तिच्याहून 100 मिलिमीटर कमी. व्हीलबेस मात्र फॉर्च्युनरचा 2745 आणि त्या धाकटीचा 2750. उलट थार रॉक्स लांबीला 4428 आणि व्हीलबेस 2850. माणसांचंही असंच असतं. पोट पुढं आलं म्हणून छाती रुंद होत नाही.

हिनं ती वही एकदा चाळली. म्हणाली, “अहो, चार वर्षं मी ओटा बदलायचा म्हणतेय. तो किती उंच आहे हे कधी मोजलंत?” मी वही मिटली.

सीटचं शास्त्र मात्र वहीत मावत नाही, ते बुडाला कळावं लागतं. शोरूममध्ये लोण्यासारखी वाटणारी सीट खंबाटकी घाटापर्यंत लोणी राहते. पुढं ती तुम्हाला गिळायला लागते आणि कराड येईस्तोवर कंबरेचं पीठ होतं. लांबच्या प्रवासाला जरा टणक सीटच बरी. जुनी माणसं गादीत कापूस ठासून भरून घ्यायची ती कंजूषपणानं नव्हे. त्यातही जाणकार लोक ज्याला ‘अंडर-थाय सपोर्ट’ म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत मांडीला आधार, त्यावर सगळा खेळ. सीटची बैठक गुडघ्याच्या दोन-तीन बोटं अलीकडं संपावी. आखूड असेल तर मांडी अधांतरी राहते, लांब असेल तर कडा पोटरीत रुतते. सहा फुटी पोरं दर व्हिडिओत रडतात की मांडीला आधार कमी पडतो. मला आधार इतका भरपूर मिळतो की पाय जमिनीला टेकत नाहीत. मागच्या सीटवर मी बसलो की पहिलीच्या वर्गात पालकसभेला चुकून बाकावर बसवलेला बाप दिसावा, तसा दिसतो. फक्त उलटा.

मग मी सात सीटरकडं वळलो. कुठली ते सांगणार नाही. नाव घ्यायला हा काही उखाणा नव्हे. पोरानं एक खटका ओढला, मधली सीट कोलांटी मारून पुढं पडली, आणि तो म्हणाला, “या सर, तिसरी रो बघा.” मी आधी डोकं घातलं, मग डोकं काढून पाय घातला, मग दोन्ही काढून विचार केला, आणि शेवटी मांजर कपाटात शिरतं तसा शिरलो.

तिथली गोम अशी. लोखंडी सांगाड्यावर बसवलेली गाडी म्हणजे मूळ बैलगाडीच. खाली दोन लांब तुळया, वर डबा. तुळयांमुळं आतली जमीन उंच होते. छप्पर काही त्या हिशेबानं आभाळात नेता येत नाही. मग शेवटच्या रांगेत सीट आणि जमीन यांच्यातलं अंतर खाल्लं जातं, गुडघे छातीपाशी येतात आणि माणूस उकिडवा बसतो. आपल्याकडं उकिडवं बसायच्या जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या आहेत. चुलीपुढं, भाजीवालीपुढं, न्हाव्यापुढं आणि पहाटे. त्यात आता पंचवीस लाखांच्या गाडीची भर पडली.

पण खरा घाव पुढं होता. पोरगं वाकून आत बघत होतं. त्याचा चेहरा एकदम उजळला. “सर! तुम्ही तर इथं परफेक्ट बसलाय!” मग त्यानं मागं वळून हाक मारली, “अरे, इकडं ये, बघ, ॲडल्ट बसलेत!” दोन पोरं धावत आली. एकानं फोटो काढू का म्हणून विचारलं. उंच बसायची हौस घेऊन आलेला माणूस उकिडवा, आणि भोवती टाळ्या वाजवायच्या बाकी राहिलेल्या.

तिथं गुडघ्यांत हनुवटी ठेवून बसलो असताना मला वडाप आठवलं. आता थोडं विषयांतर. थोडं म्हणजे पाटण ते कराड.

ज्यानं वडापनं प्रवास केला नाही त्याच्याशी मी जागेबद्दल बोलत नाही. मराठवाड्या-खानदेशात काळी-पिवळी म्हणतात, आमच्या सातारा-सांगली-कोल्हापुराकडं वडाप. कमांडर, मार्शल, ट्रॅक्स, जी असेल ती. पुढं 1994 साली सुमो आली. तिचं नाव जपानी पैलवानावरून ठेवलंय अशी आमच्या भागाची खात्री होती, आणि पैलवान म्हटल्यावर आमच्या भागाला गाडी लगेच पटली. नंतर कळलं की ते टेल्कोच्या सुमंत मूळगावकरांच्या नावातलं ‘सु’ आणि आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधलं ‘मो’ आहे. एका मराठी माणसाच्या नावात चौदा-पंधरा माणसं बसत होती, ही केवढी अभिमानाची गोष्ट!

वडापचा पोरगा ओरडायचा, “एकच जागा! कराड, कराड, एकच जागा!” गाडी पूर्ण रिकामी असताना चढलेल्या पहिल्या माणसालाही ती एकच जागा असायची, आणि सतराव्यालाही. रांगेत चार बसायचे, त्याला तोडगा होता: “एक म्होरं, एक मागं.” म्हणजे एकानं पाठ टेकायची, शेजारच्यानं कडेवर पुढं सरकायचं, तिसऱ्यानं पुन्हा टेकायचं. करवतीच्या दात्यांसारखी माणसं एकमेकांत बसायची. पुढं ड्रायव्हरच्या उजव्या अंगालाही एक जण असायचा, त्यामुळं स्टिअरिंग एकीकडं आणि ड्रायव्हर दुसरीकडं. गिअरच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून बसणाऱ्याचं पद मानाचं. “पावनं, दुसरा टाकतोय,” अशी त्याला आधी सूचना मिळायची आणि तो समजूतदारपणे मांडी हलवायचा. घाटात त्या माणसाला उसंत नसे. नी-रूमचा प्रश्नच नव्हता, कारण कुठला गुडघा कुणाचा हेच नक्की नसायचं. एकदा मला खाज सुटली म्हणून मी खाजवलं, तर शेजारच्या आबांनी “बरं वाटलं, बाळ” म्हटलं.

आणि सगळ्यावर एक सिद्धान्त. कुणी तक्रार केली की पोरगा मागच्या पायरीवर लोंबकळत म्हणायचा, “गाडी हलली की जागा होतीया!” आणि व्हायची हो. पहिल्या खड्ड्याला सगळी माणसं गचकन खाली बसायची आणि खरोखर वीतभर जागा निघायची. शेतकऱ्याला यात काही नवल नाही. पोतं भरताना दोनदा आपटलं की आणखी पायलीभर धान्य मावतं, हे त्याला ठाऊक असतं. ती वीतभर जागा निघाली की पोरगा पुढच्या फाट्यावर ओरडायचा, “एकच जागा!”

या सगळ्यात आमच्या घरच्या जागा ठरलेल्या होत्या. अण्णा पुढं, कारण ते मास्तर. काका मधल्या रांगेत, कारण ते काका. आई मागच्या आडव्या बाकड्याच्या शेवटच्या टोकाला, दाराशी, जिथं रेक्झिन फाटून काथ्या वर आलेला असायचा. तिच्या मांडीवर मी, माझ्या मांडीवर पिशवी. “माझं काय, मी बसते कुठंबी,” हे तिचं वाक्य. दाराच्या वरून एक लोखंडी दांडी गेलेली असे. गाडी आदळली की माझं डोकं तिच्यावर आपटायचं. म्हणून आईचा डावा हात पाटणपासून कराडपर्यंत दांडी आणि माझं डोकं यांच्या मध्ये असायचा. खड्डा आला की हाताचा मागचा भाग दांडीवर, तळवा माझ्या डोक्यावर. मला तो प्रवास मऊ आठवतो, ते त्यामुळं.

कराड आलं. उतरा.

गेल्या दिवाळीनंतर आई पुण्यात आली होती. वय अठ्ठ्याहत्तर, उंची चार फूट दहा. माझी उंची कुठून आली हे आता लक्षात आलं असेल. दोन्ही गुडघे कुरकुरतात. माझ्या यादीत आता दोनच गाड्या उरल्या होत्या, एक मोठी आणि एक 3995 वाली. त्या दाखवायला मी तिला नेलं. दाखवायला म्हणजे खरं तर मिरवायला.

आधी मोठी. पोरानं दार उघडून “या आजी” म्हटलं. आईनं गाडीकडं खालून वर बघितलं. एक हात दाराला, एक पाय उचलला, तो जिथवर गेला तिथून जमीन अजून फूटभर वर होती. पाय खाली ठेवला. परत उचलला. परत ठेवला. मग पदर खोचत म्हणाली, “हत्ती बरा म्हणायचा. त्यो खाली तरी बसतो.” सेल्समन पोरानं वरच्या मॉडेलला बाजूची पायरी मिळते असं सांगितलं आणि तिची किंमतही. तेवढ्यात वाण्याकडून सहा महिन्यांचा किराणा आला असता.

मग लहान गाडी. आम्ही चार माणसं: मी, ही, मुलगी, आई. जागा पाच. चारही दारं उघडी. आई मागच्या दारानं आत चढली, हे ठीक. पण ती तिथं थांबली नाही. सरकत सरकत बरोबर मधोमध जाऊन बसली आणि पिशवी मांडीवर घेतली.

मधल्या सीटचं वर्णन व्हिडिओत आलंच तर एका वाक्यात येतं, कारण त्या सहा फुटी पोरांना तिथं बसून महाबळेश्वरला जायचं नसतं. पाठीला गादी नसते, मिटलेल्या आर्मरेस्टचा दगड असतो. बैठक दोन्हीकडं उतरती, म्हणजे दोन सऱ्या आणि मधला वरंबा. पायाखाली उंचवटा, गुडघ्यांपुढं एसीची जाळी. गाडी वळली की तुम्ही डावीकडच्याच्या अंगावर, मग उजवीकडच्याच्या, आणि दर वेळी माफी तुम्हीच मागायची.

“आई, तिथं कशाला? कडेला बस की.”

“ऱ्हाऊ दे. तुमी बसा नीट. माझं काय.”

मला राग आला. आधी वाटलं तिचा आला. पाच जागा मोकळ्या, गर्दी नाही, वडाप नाही, पाठीमागून कुणी “सरका” म्हणत नाही, तरी ही बाई न मोजता, न विचारता सगळ्यात वाईट जागा हुडकून काढते म्हणजे काय? मग सावकाश कळलं की राग तिचा नव्हता. तीन महिने मी मिलिमीटर मोजत होतो, आणि आमच्या घरात वाईट जागा कुणाची हे पन्नास वर्षं न मोजता ठरलेलं होतं. ती म्हणायची, “मी बसते कुठंबी,” आणि आम्ही सगळे, अण्णांपासून माझ्यापर्यंत, ते खरं धरून चालायचो. आमची वॅगनआर अकरा वर्षांची. तिच्या पुढच्या सीटवर आई कधी बसली ते मी आठवून बघितलं. आठवेना. मी बायकोकडं बघितलं. ती दाराशी उभी होती. म्हणाली, “तुमचे मित्र बरोबर असले की मागं मधोमध मी बसते. मला तरी कधी विचारलंत?”

यावर काय बोलणार? मी आईला म्हणालो, “उतर. पुढं बस.”

“नगं. फुडं बाप्यांनी बसावं.”

मुलीनं आजीचा हात धरून तिला उतरवलं, पुढं नेलं आणि बसवलं. मीही चाक हातात घेऊन बसलो. पोराला टेस्ट ड्राइव्हला बरोबर यावं लागतं. मुलीनं त्याला मागं अगदी मधोमध बसवलं. शिष्टाचार म्हणून तो काही बोलला नाही, पण परत येईस्तोवर त्यानं आठ वेळा बूड बदलल्याचं मी आरशात मोजलं.

आई सीटच्या कडेवर बसली होती. पाठ आणि गादी यांच्यात वीतभर अंतर. एसटीत कंडक्टर उठवेल या बेतानं माणूस बसतो, तसं.

“आई, टेकून बस.”

“टेकलीया की.”

टेकली नव्हती. पहिल्या पुलावर गाडी चढली तेव्हा तिची पाठ आपोआप मागं गेली आणि गादीला लागली. ती दचकली. मग तशीच राहिली. पाय अर्थातच जमिनीला पोचत नव्हते. दोन मिनिटं ते हवेत हलले, आणि मग तिनं एक पाय उचलून वर घेतला, दुसरा त्याखाली सारला आणि चक्क मांडी घातली. इकडं-तिकडं हलून बघितलं. म्हणाली, “मांडी बसती की हितं. झाक हाय.”

मांडीला आधार! या देशातली अर्धी जनता आधी मांडी बसते का ते बघते, आणि त्याचं माप कुठल्याही माहितीपत्रकात नाही. पट्टा लावून मांडी घालून बसणं सुरक्षेच्या हिशेबात बसत नाही, हे मला माहीत आहे. मी तिला पाय खाली घ्यायला लावले आणि पायांखाली तिचीच पिशवी ठेवली. पन्नास वर्षांत ती पिशवी पहिल्यांदा तिच्या मांडीवरून खाली उतरली.

परत आलो, दार उघडलं, आणि आई खाली बघत थांबली. “माझ्या चपला?” मला काही कळेना. मग मुलगी हसायला लागली. गाडीत चढताना आईनं चपला बाहेर काढून ठेवल्या होत्या, देवळाबाहेर काढतो तशा, आणि आम्ही त्या तिथंच सोडून चार किलोमीटर फिरून आलो होतो. दारावरच्या वॉचमननं त्या उचलून भिंतीलगत सावलीत नीट जोडीनं लावून ठेवल्या होत्या. अंगठ्यापाशी दोन्ही झिजलेल्या. मी आणून तिच्या पायांपुढं ठेवल्या. ती म्हणाली, “तू कशाला उचलतोस?”

आम्ही 3995 वाली घेतली. कमांड काही मिळाली नाही. ड्रायव्हरची सीट वर उचलायचा खटका आहे, तो मी शेवटपर्यंत ओढून बसतो, तरी चांदणी चौकात शेजारी नेमकी कुठली तरी पावणेपाच मीटरची उभी राहते आणि कोपर दिसतंच. पण घरात एक नियम झाला आहे. प्रवासात मधली जागा पाळीपाळीनं. माझी पाळी आली तेव्हा मुलीनं गाडी चालवली. वाईला जाऊन आलो. वरंब्याबद्दल मी वर जे लिहिलं ते त्या दिवसाचं आहे.

तुम्ही गाडी बघायला जाल तेव्हा टेप न्या, वही न्या, खुशाल स्वतःच्या मागं बसून बघा. पण घरातलं जे माणूस “माझं काय, मी बसते कुठंही” म्हणतं, त्याला बरोबर न्या आणि आधी त्याला बसवा. ते कुठं जाऊन बसतं ते बघा. गाडी कळेल, घरही कळेल.

आईला चढायला म्हणून डिकीत आता एक पाट असतो. माझ्या हळदीचा, सागवानी, चार इंच उंच. पाटाला पाय लावायला ती आधी तयार नव्हती. आता पाय ठेवण्याआधी त्याला एकदा हात लावून कपाळाला लावते आणि मग चढते. ती गावाला गेली की पाट मोकळाच असतो. रविवारी सकाळी गाडीचं छप्पर पुसताना मी त्यावर उभा राहतो. तेवढा वेळ माझी उंची पाच फूट सात इंच असते.